जरा पिंग करून ठेवा

आमच्या ऑफिसात कोणीही कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाला निरोप देत नाही आणि कोणी कोणाकडे तगादाही लावत नाही; आम्ही फक्त एकमेकांना पिंग करतो. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत पहिले पाऊल टाकले, तेव्हा हा शब्द निरोप पाठवणे एवढ्याच अर्थाने वापरला जात असावा अशी माझी भाबडी समजूत होती. पुढे अनुभवाने कळले की ‘मी तुला पिंग करतो’ याचा अर्थ ‘तू आता जा’ असा असतो, ‘मला पिंग कर’ याचा अर्थ ‘मला विचारू नकोस’ असा असतो, आणि ‘मी तुला पिंग केले होते’ हे वाक्य कानी पडले की समोरच्याच्या हातात तारीख-वेळेसह पुरावा आहे आणि आपली काही खैर नाही, असे समजायचे असते. एकाच क्रियापदाने आश्वासन, टोलवाटोलवी आणि आरोपपत्र अशी तिन्ही कामे करावीत, ही काटकसर थक्क करणारी आहे.

त्यातही विशेष हे की ज्या यंत्रावर हे पिंग येते, ते यंत्र ‘पिंग’ असा आवाज मुळी करतच नाही. माझ्या संगणकातून ‘टुडुंग’ असा आवाज येतो. शेजारच्या टेबलावरच्या फोनमधून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, आणि आमच्या साहेबांच्या फोनमधून तर पाण्याचा थेंब पडल्यासारखे काहीतरी ऐकू येते. तरीही ‘मी तुला टुडुंग केले’ असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. ज्याचा आवाज आता कोणी ऐकत नाही, त्या आवाजाचे नाव दिवसभर माझ्या डोक्यावर का आदळते, याचा छडा लावल्याशिवाय झोप लागेना, म्हणून मी त्या शब्दाच्या कुळाची चौकशी सुरू केली.

चौकशीत पहिली हाती लागली ती बंदुकीची गोळी. १८३५ च्या सुमारास इंग्रजीत ‘पिंग’ हा शब्द अवतरला तो गोळी कशावर तरी आदळल्यावर होणाऱ्या टणत्काराची नक्कल म्हणून. आपल्याकडे गोळी ‘सूं’ करून कानाजवळून निघून जाते, म्हणजे मराठी कानाने ती चुकल्याचा आवाज टिपला. इंग्रजांनी मात्र ती लागल्याचा आवाज जपून ठेवला. माझ्या अनुभवावरून सांगतो, ऑफिसातल्या पिंगाला इंग्रजी कानच अधिक योग्य आहे, कारण ते चुकून कधी शेजारच्याला जात नाही.

पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर हा आवाज जेवणाच्या टेबलावर आला. इंग्लंडातली सुखवस्तू मंडळी जेवण आटोपल्यावर टेबलाच्या मधोमध जाळी लावून एक खेळ खेळत असत, आणि त्या खेळाची बॅट म्हणजे लाकडी चौकटीवर डफासारखी ताणून बसवलेली कातडी असे. तिच्यावर सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आदळला की ‘पिंग’ आणि ‘पाँग’ असे आवाज होत. १९०० साली इंग्लंडातल्या व्यापाऱ्यांनी ‘पिंग-पाँग’ हे नाव रीतसर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाकले. त्याच्या आगेमागे या खेळाला ‘गॉसिमा’ आणि ‘व्हिफ-व्हाफ’ अशीही नावे देऊन पाहिली गेली, पण ती चालली नाहीत. आज साहेबांनी ‘मला जरा व्हिफ कर’ असे फर्मावले असते तर काय झाले असते, या विचाराने मला त्या जुन्या व्यापाऱ्यांविषयी कृतज्ञताच वाटते. व्यापारचिन्हाच्या या कटकटीमुळे बाकीच्यांना ‘टेबल टेनिस’ असे सोज्वळ नाव घेऊन खेळावे लागले, आणि १९२६ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही त्याच नावाने.

या खेळाच्या इतिहासातला एक प्रसंग मला विशेष प्रिय आहे, आणि तो आपल्या मुंबईत घडला याचा अभिमानही आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. युरोपातले नामांकित खेळाडू बारीक उंचवट्यांच्या रबराच्या बॅटी घेऊन आले होते, आणि त्यांना चेंडू बॅटवर आपटल्याच्या आवाजावरून त्याचा वेग आणि फिरकी ओळखायची वर्षानुवर्षांची सवय होती. जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिच्यावरून चेंडू सुटे तो निमूटपणे. ना पिंग, ना पाँग. समोरचे खेळाडू गोंधळले, चाचपडले, आणि सातो अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून अजिंक्य ठरला. आवाज न करता काम करणारा मनुष्य समोरच्याला किती हैराण करू शकतो, याचा इतका नमुनेदार दाखला दुसरा मिळणार नाही. आमच्या ऑफिसात असा एक सातो आहे. तो कोणाला पिंग करत नाही, कोणाच्या पिंगाला उत्तर देत नाही, आणि वेळेवर काम करून घरी जातो. त्याच्याविषयी सगळ्यांनाच संशय आहे.

खरी मेख मात्र पाण्याखाली आहे. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी ब्रिटिश आरमाराने ‘ॲस्डिक’ नावाची यंत्रणा उभारली, अमेरिकनांनी तिला ‘सोनार’ म्हटले, आणि दुसऱ्या महायुद्धात तिचा आवाज सर्वतोमुखी झाला. जहाजाच्या तळातून पाण्यात ध्वनीचा एक आखूड ठोका सोडायचा. तो पाणबुडीच्या पोलादी पाठीवर आपटून परतला की जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढायचे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, तेव्हा ठोका सुटल्यापासून चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर पाणबुडी तीन किलोमीटरवर आहे, असा सरळ हिशेब असतो. कानाला हेडफोन लावून बसलेल्या खलाशाला पाणबुडीच्या मनात काय आहे, ती कशी आहे, तिचे जेवण झाले की नाही, यांपैकी कशातही रस नसतो. ती तेथे आहे का, आणि किती लांब आहे, एवढेच त्याला हवे असते.

हे वाचले आणि सकाळी नऊ वाजता येणाऱ्या ‘हाय’ या निरोपाचा उलगडा झाला. हा ‘हाय’ एकटाच येतो. त्याच्या मागे ना प्रश्न असतो, ना काम. मी ‘बोला’ असे लिहिले की पडद्यावर तीन ठिपके नाचू लागतात, थांबतात, पुन्हा नाचतात, आणि मग लोप पावतात. पूर्वी मला वाटे की बिचाऱ्याला शब्द सापडत नसावेत. आता कळले की त्याला सांगायचे काहीच नव्हते. त्याने ठोका सोडला होता, मी पोलादी पाठीने तो परतवला होता, आणि मी खुर्चीत असल्याची नोंद झाली होती. चार सेकंदांच्या आत उत्तर दिले तर मी रिकामा बसलो आहे असा निष्कर्ष निघतो, आणि चाळीस मिनिटांनी दिले तर मी चहाच्या टपरीवर होतो असा. मधले नेमके अंतर साधणे ही आमच्या व्यवसायातली खरी विद्या आहे, पण ती कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत.

समुद्रातून हा शब्द संगणकात आला, त्याची कथा तर आमच्या ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत लावावी अशी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात लष्कराची एक तोफशास्त्र प्रयोगशाळा होती आणि तेथे माइक म्यूस नावाचे गृहस्थ काम करत. डिसेंबर १९८३ मध्ये तेथले संगणकांचे जाळे विचित्र वागू लागले. दूरच्या यंत्राकडे एक छोटे पुडके पाठवायचे आणि ते परत येते का, किती वेळात येते, हे पाहायचे, असा सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम त्यांनी लिहायला घेतला, आणि पाणबुडीची आठवण ठेवून त्याला ‘पिंग’ असे नाव दिले. यंत्राच्या गाभ्यात आवश्यक ती सोयच नव्हती, तेव्हा चिडून त्यांनी तीही रातोरात लिहून काढली. पहाट होण्यापूर्वी सगळे जमून आले, पण तोवर त्यांच्या एका सहकाऱ्याने मूळ बिघाड शोधून दुरुस्तही करून टाकला होता. म्हणजे जगातले पहिले पिंग सुटले, तेव्हा ज्या कामासाठी ते सोडायचे ते काम आधीच उरकलेले होते. ही परंपरा आमच्या ऑफिसने अत्यंत निष्ठेने चालवली आहे.

पुढे काही विद्वानांना एवढा साधा शब्द सहन होईना. त्यांनी त्याच्या प्रत्येक अक्षराला एकेक भारदस्त शब्द चिकटवून त्याचे एक लांबलचक पूर्णरूप तयार केले. नाव आधी आणि अर्थ मागून, हा प्रकार आपल्याला संस्था-समित्यांच्या कृपेने चांगलाच ठाऊक आहे. म्यूस यांनी स्वतः मात्र ते लघुरूप नसून पाणबुडीचा आवाजच आहे, असे निक्षून सांगितले. तरीही नोकरीच्या मुलाखतीत ‘पिंगचे पूर्णरूप सांगा’ असे विचारणारे परीक्षक आमच्याकडे अजून आहेत, आणि त्यांच्यासमोर म्यूस यांचा दाखला देऊ नये एवढे व्यवहारज्ञान उमेदवारालाही असते.

एवढी चौकशी केल्यावर मी थांबायला हवे होते, परंतु जाड कोशाचा स्वभाव असा की आपण एक नोंद पाहायला जावे आणि त्याने वरची नोंदही दाखवावी. आवाजाच्या ‘पिंग’शी काही नाते नसलेला आणखी एक ‘पिंग’ जुन्या इंग्रजीत होता, आणि त्याचा अर्थ टोचणे, ढोसणे, मागे लागून पुढे ढकलणे असा होता. तो लॅटिनमधल्या ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे या धातूवरून आला, आणि आपल्या दुचाकीच्या चाकाला होणारे पंक्चर व साहेबांच्या तोंडी असलेले पंक्चुअल हे दोन्ही शब्द त्याच घराण्यातले निघाले. कोशकार या दोन पिंगांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतात. माझ्या मते त्यांनी एकदा येऊन आमच्या ऑफिसात महिनाअखेरीस बसावे, म्हणजे मधली भिंत पाडायला ते स्वतःच पहार हातात घेतील.

ऑफिसातून सुटलो की पिंगातून सुटलो, असेही राहिलेले नाही. आमच्या सोसायटीतले नाना बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि पाण्याच्या टँकरचा कारभार पाहतात. नातवाच्या तोंडून त्यांनी हा शब्द उचलला, पण उचलताना शेवटचे अक्षर थोडे घसरले. वार्षिक सभेत सर्वांसमक्ष उभे राहून त्यांनी निवेदन केले की, “त्या टँकरवाल्याला मी काल संध्याकाळपासून तीन वेळा पिंक टाकली, पण पठ्ठ्या दाद देईल तर शपथ!” ज्या इमारतीच्या जिन्यात, पिंका थांबाव्यात म्हणून, प्रत्येक कोपऱ्यात गणपतीपासून साईबाबांपर्यंत सर्व देवांच्या फरश्या बसवल्या आहेत, त्या इमारतीच्या सभेत हे निवेदन झाले. तळमजल्यावरच्या वहिनींनी “नाना, अहो तुम्हीसुद्धा?” असे विचारल्यावर नानांनी शांतपणे “मग काय, फोन उचलतच नाही तो,” असे उत्तर दिले, आणि इतिवृत्तात ते तसेच नोंदले गेले.

माझे दुःख जागतिक आहे हे कळल्यावर थोडे हलके वाटले. करोनाच्या काळात ब्रिटनमध्ये सरकारी ॲप लोकांच्या फोनवर ‘तुम्ही बाधिताच्या संपर्कात आला आहात, घरी बसा’ अशी सूचना धाडत असे. जुलै २०२१ मध्ये एका आठवड्यात अशा सहा लाखांहून अधिक सूचना गेल्या, दुकानांतून आणि कारखान्यांतून माणसे नाहीशी झाली, आणि वर्तमानपत्रांनी त्या साथीला ‘पिंगडेमिक’ असे नाव दिले. त्यांच्या आणि आमच्या पिंगात फरक एवढाच की त्यांचे पिंग आले म्हणजे घरी बसता येई. आमचे घरी बसले तरी येते.

उपाय म्हणून मी प्रथम पाणबुडीचा मार्ग धरला. वरून ठोके पडू लागले की पाणबुडीतले लोक पंखे आणि पंप बंद करतात, कुजबुजत बोलतात आणि हलत नाहीत. मीही हललो नाही. परंतु पाणबुडीच्या पाठीवर ‘मी जागी आहे’ असे सांगणारा हिरवा दिवा नसतो, आणि वरच्या जहाजाने टाकलेला बाँब पाणबुडीने पाहिला की दोन निळ्या खुणा उमटत नाहीत. या दोन शोधांनी पाण्याखालची सारी विद्या निकामी केली आहे.

तेव्हा आता मी नियमावलीचा आधार घेतला आहे. पिंगाचे पुडके ज्या नियमांनी चालते ते सप्टेंबर १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले, आणि त्यांत स्पष्ट म्हटले आहे की पुडक्यात जो मजकूर आला असेल, तोच जसाच्या तसा उत्तरात परत पाठवला पाहिजे. त्यात भर घालायची नाही आणि घटही करायची नाही. त्यानुसार ‘हाय’ आला की मी ‘हाय’ पाठवतो आणि कामाला लागतो. ‘गुड मॉर्निंग’ आले की ‘गुड मॉर्निंग’ जाते. तीन ठिपके नाचू लागले तर मीही काही अक्षरे टंकून पुसून टाकतो, म्हणजे पलीकडेही ठिपके नाचतात. पद्धत उत्तम चालली आहे आणि दोन्ही यंत्रे जिवंत असल्याची खात्री पटून उभयपक्षी समाधान आहे. काल साहेबांचे ‘त्या रिपोर्टचे काय झाले?’ असे पिंग आले. नियमाला धरून मीही ‘त्या रिपोर्टचे काय झाले?’ असे टंकले होते, बोट पाठवण्याच्या बटणावरही गेले होते. पण पगारवाढीच्या याद्या अजून निघायच्या आहेत हे आठवले, आणि मी ते सारे पुसून ‘पाहून पिंग करतो, सर’ असे लिहिले.