व्ह्यूज मोजून पैसे मिळत नाहीत

‘रील जितकी जास्त पाहिली जाते तितकी गाणाऱ्याची रॉयल्टी वाढते’ हे रील्समधून गाणाऱ्यांना होणाऱ्या कमाईवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. यूट्यूबवर कंटेंट आयडीने (व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने) जाहिरातीतला वाटा मिळतो, तिथे ते बऱ्यापैकी खरं आहे. पण छोट्या व्हिडिओंच्या दुनियेत बरेचदा ‘किती जणांनी पाहिलं’ यापेक्षा ‘तुमचं गाणं लावून किती जणांनी नवे व्हिडिओ केले’ हे धरलं जातं. एकाच व्हिडिओला लाखो व्ह्यूज आले, तरी अशा हिशोबात तो एकच व्हिडिओ!

माझ्याच एका गाण्याचा तुकडा कुणीतरी वेग वाढवून ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून, म्हणजे स्वतःचाच आवाज असल्यासारखा, टाकला. लोकांनी तोच उचलला आणि माझ्या अधिकृत ट्रॅकच्या खाती शून्य. वेग आणि पट्टी बदलली की यंत्राला गाणं ओळखता येईलच असं नाही. डिस्ट्रिब्युटरला (आपलं गाणं या अ‍ॅप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीला) लिंका पाठवून पाठवून दमलो, तेव्हा कुठे त्या ऑडिओवर माझा दावा लागला. मागचे पैसे गेले ते गेलेच. आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, शब्द-चालीचे वेगळे. डिस्ट्रिब्युटर साधारणपणे पहिल्याचेच पैसे आणून देतो. दुसऱ्यासाठी कॉपीराइट सोसायटीत किंवा पब्लिशिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे (शब्द-चालीचे पैसे गोळा करून देणाऱ्यांकडे) वेगळी नोंदणी लागते. स्वतःच लिहून, चाल लावून गाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचं नेमकं तेच करायचं राहून जातं (माझंही तीन वर्षं राहिलं होतं).