अर्धा लिटर पांढरा ऑइल पेंट

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. "व्हरांड्यातली रेघ पावसानं सारखी पुसायलीय. ऑइल पेंटनं पक्की मारून टाकू. प्रत्येकी 20 रुपये." दहा मिनिटांत बावीस अंगठे. तेविसावा माझा. नुसता अंगठा नाही, कामावरून येता येता मीच रंगाच्या दुकानात थांबलो, अर्धा लिटर पांढरा घेतला आणि गाडीच्या डिकीत टाकला. घराच्या कोपऱ्यावर वळलो आणि डोकं फिरलं. म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर पुढं जा.

रेघ कसली ते सांगतो. आमच्या शाळेत (नाव लिहीत नाही, उगाच बाईंच्या मागं लचांड नको) खोल्या चार. त्यातल्या दोन धोकादायक म्हणून कुलूपबंद. उरलेल्या दोनात पहिली आणि चौथी. दुसरी-तिसरी व्हरांड्यात, दोन टोकांना दोन फळे, मध्ये बाईंनी खडूनं मारलेली रेघ. अलीकडं दुसरी, पलीकडं तिसरी. माझी लेक दुसरीत आणि तिची जागा नेमकी रेघेला चिकटून. परवा घरी येऊन म्हणाली, "पप्पा, पाढा म्हणू?" म्हटलं म्हण. पोरीनं सतराचा पाढा धडाधडा म्हणून दाखवला! मी बायकोला हाक मारून बोलावलं. मग सहज सातचा विचारला, तर गप्प. म्हणाली, "आमचा सातचा चालू होता ना, तेव्हा तिसरीचा आवाज जास्त होता."

तेव्हा हसलो सगळे. शेजाऱ्यांना पण सांगितलं, ते पण हसले.

आम्ही इथं प्लॉट घेतला तेव्हा समोर ज्वारी होती. शाळेचा पट साठ-पासष्ट. आता ज्वारीच्या रानात तीन लेआउट पडलेत, रो-हाऊस झालेत, पट दोनशेला टेकलाय. सकाळी साडेआठला अख्खी वसाहत गाड्यांवर बसून सोलापूर शहराकडं पळते, कोण एमआयडीसीत, कोण मार्केट यार्डात, कोण पार्क चौकातल्या दुकानात, आणि रात्री झोपायला परत. बिल्डरच्या पत्रकावर काय छापलं होतं माहिताय? "प्राथमिक शाळा हाकेच्या अंतरावर." खरंय. हाक मारली की ऐकू जाते, भिंतच नाही ना!

आणि कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. तारीख बघा, मी काही बोलत नाही. त्यात लिहिलंय की दोनशे पोरांपर्यंत पाच शिक्षक, दीडशेच्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा, आणि दर शिक्षकामागं किमान एक खोली. आमच्याकडं बाई तीन, खोल्या दोन, आणि एक रेघ.

मागच्या वर्षी आम्ही चौघं अर्ज घेऊन फिरलो. शाळा महापालिकेच्या हद्दीच्या पलीकडं, निम्मी पोरं अलीकडची. हद्दीबाहेरच्या ऑफिसात साहेब म्हणाले, तुमची पोरं शहरातली, शहराकडं मागा. हद्दीच्या आतल्या ऑफिसात म्हणाले, शाळा आमची नाही. 1992 साली हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं शहरात आली, तीस वर्षं उलटून गेली तरी त्या भागाचं नाव आजही 'हद्दवाढ भाग'च. मग आम्ही तर हद्दीच्या पण काठावरचे. आम्हाला कोण विचारतंय?

तिथं एका क्लार्कनं मात्र खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. माणूस भला होता, त्याच्यावर राग नाही. शिक्षकांची पदं संचमान्यतेवर (कुठल्या शाळेला किती शिक्षक, त्याची सरकारी मंजुरी) ठरतात आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर. आमच्याकडं दिवाळीनंतर वास्तुशांती होतात, पोरं तेव्हा येतात. ती पोरं पुढच्या सप्टेंबरात मोजायची, मंजुरी त्याच्या पुढं, तोपर्यंत अजून एक लेआउट उभा. म्हणजे शाळा कायम मागच्या वर्षीच्या पोरांसाठी चालू. खोल्यांचं त्याहून भारी. पडकी खोली नुसती पाडता येत नाही, तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे आधी कागदावर ती बाद ठरावी लागते. तपासणी, अहवाल, मंजुरी, मग पाडकाम, मग नवीन खोलीचा प्रस्ताव, मग निधी, मग टेंडर. मध्ये आचारसंहिता लागली की सगळं जागच्या जागी. आणि 31 मार्चपर्यंत खर्च नाही झाला की निधी परत.

तीन वर्षं झाली त्या दोन खोल्यांना कुलूप लागून. आणि याच सोलापुरात 15 जून 2023 ला विमानतळासाठी साखर कारखान्याची ती एवढी उंच चिमणी डोळ्यांदेखत खाली आली. आपण सगळ्यांनी मोबाइलवर शंभर वेळा बघितलंय. चिमणी बरोबर की चूक, त्यात मला पडायचं नाही, त्यावर माझ्याच घरात दोन पार्ट्या आहेत. मला एवढंच म्हणायचंय की मनावर घेतलं तर आपल्याकडं पाडता येतं बे. आणि तो दिवस कुठला होता? शाळा उघडायचा पहिला दिवस.

अजून एक डोक्यात बसलंय. मी कटिंग मास्तर आहे. गणवेशाच्या कारखान्यात. चादरीनंतर सोलापूरचं नाव कशावर चालत असेल तर शाळेच्या गणवेशावर. मे महिन्यात रात्री अकरा-अकरापर्यंत माझा हात कटरवर असतो. कुठल्या कुठल्या राज्यांतल्या शाळांचे शर्ट, फ्रॉक, पिनाफोर माझ्या टेबलावरून जातात. मुलखाच्या पोरांना कपडे घालून शाळेत बसवायचं आम्ही आणि आमची पोरं फरशीवर, रेघेच्या अलीकडं. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या गुरुजींना 2020 साली जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मी पण ठेवला होता. शिक्षक जगात पहिला निघतो आणि बाईंना खोली मिळत नाही.

आता काही जण म्हणणार, तुम्हीच प्लॉट घेताना शाळा बघितली का? नाही बघितली. पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, बोअरला पाणी लागतं का ते विचारलं, बँक कर्ज देते का ते विचारलं. शाळेचं नाही विचारलं. चूक आहे, मान्य. आणि राज्यात वीसच्या आत पट असलेल्या किती शाळा आहेत, तिकडं खोल्या ओस पडल्यात, सरकारनं कुठं कुठं बांधायचं, हे पण ऐकलंय. बरोबर असेल. पण माझी लेक त्या ओस खोलीत जाऊन बसू शकत नाही ना.

इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाड्या आमच्या गल्लीत सकाळी पाच येतात. ज्यांची पोरं त्यात बसतात ते ग्रुपवर नाहीत. त्यांना बोलत नाही, ज्याला परवडतं त्यानं घालावं. पण तीच माणसं बोलली असती तर साहेबांनी आम्हाला बसायला तरी सांगितलं असतं.

लेआउटमधल्या खुल्या जागेत सभामंडप झाला. छान झालाय, फरशी, पंखे, सगळं. मी पण वर्गणी दिलीय. आणि शाळेसाठी जमीन आरक्षित असली म्हणून निवांत बसू नका. दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, त्यानंतरही कुणी हललं नाही की आरक्षण उठतं. नगररचना कायद्यातच आहे, कलम 127. म्हणजे उशीर हा नुसता उशीर नसतो. त्याचे पण कुणाला तरी पैसे मिळतात.

तर रंगाचं. कोपऱ्यावर डोकं का फिरलं, तर माझ्या लक्षात आलं की खडूची रेघ बाई रोज सकाळी नव्यानं मारतात. रोज. म्हणजे रोज सकाळी त्या बाई सांगतात की ही तात्पुरती सोय आहे. आणि आम्ही शहाणे 20-20 रुपये काढून ती कायमची करणार. उद्या कुणी साहेब पाहणीला आला तर म्हणेल, वा, पालकांनी किती छान नियोजन केलंय. फोटो पण काढेल. आमच्या आधीच्या पालकांनी व्हरांड्याला ताडपत्री लावली, तिथं पहिली चूक झाली. ताडपत्री लागली आणि खोलीचा विषय संपला. आता पत्र्याच्या शेडचं बोलणं चालू आहे. एप्रिलमध्ये इथं पारा 43 च्या वर जातो, पत्र्याखाली पोरं बसवणार? त्यापेक्षा व्हरांडा बरा.

ग्रुपवर लिहिलं, रेघ मारायची नाही. तर एकानं लिहिलं, "तुम्हाला राजकारण करायचंय." एकीनं लिहिलं, "दादा, पोरांचे दप्तर एकमेकांत जातात हो, रोज भांडणं." तिचं पण खरंय. तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. शनिवारी अर्धी शाळा सुटली की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाणार आहे. कोण येणार असेल तर खाली लिहा. अंगठा नको, नाव लिहा.

एडिट: रात्रीचे साडेअकरा झालेत, जरा शांत झालोय. वर रागात लिहिलेलं तसंच राहू देतो. लेक झोपलीय. झोपायच्या आधी तिला जवळ घेऊन सातचा पाढा घेतला. सात सक्कं बेचाळीसपर्यंत गाडी आली, पुढं डोळे मिटले.

एडिट 2: दुकानदाराला फोन केला, तो डबा परत घेत नाही म्हणतोय. बाई, 20 रुपये काढलेल्या सगळ्यांचे पैसे मी देतो. डबा माझ्या डिकीत आहे, अर्धा लिटर पांढरा, सील फोडलेलं नाही. कुणाला गेटला मारायला पाहिजे असेल तर घेऊन जा.