‘सेलमध्ये घेतलं म्हणजे पैसे वाचले’ या दाव्याचा प्रतिवाद

मोठा सेल तोंडावर आला की एक संदेश ग्रुपांमधून फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. सेलमध्ये न घेणारा नुकसान करून घेतो. मूळ किंमत आणि सेलची किंमत यांतला फरक ही आपली बचत. वस्तू कधी ना कधी लागणारच, मग आज घेतलेली बरी. हप्ते बिनव्याजी आहेत, नाही आवडलं तर परत करता येतं, आणि लोकांनी खर्च केला तरच इतरांच्या नोकऱ्या टिकतात. अलीकडे त्याला आणखी एक वाक्य जोडलेलं असतं: सेलला नावं ठेवणं ही सुखवस्तू लोकांची चैन आहे.

हा संदेश पाठवणारे लबाड नसतात. आपण चार लोकांचा फायदा करून देतोय असंच त्यांना वाटतं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा गांभीर्याने घेऊन उत्तर द्यायला हवं.

‘मूळ किंमत आणि सेलची किंमत यांतला फरक म्हणजे बचत.’ सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. चाळीस टक्के सूट मिळाली तर साठ टक्के रक्कम आपल्या खात्यातून गेलेली असते. सेल लागण्याआधी ती वस्तू घ्यायचं ठरलेलं असेल, तर चाळीस टक्के खरोखर वाचले. ठरलेलं नसेल, तर काहीच वाचलं नाही, साठ टक्के खर्च झाले. म्हणजे बचत झाली की नाही, हे त्या वस्तूच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. सेलच्या आदल्या दिवशी आपल्या मनात काय होतं, त्यावर ते ठरतं.

आणि ती ‘मूळ किंमत’ तरी खरी असते का? डोळ्यांसमोर आधी एखादा आकडा आला की पुढचा अंदाज त्याच्याकडे ओढला जातो, हे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं. त्यांनी आकड्यांचं एक चक्र फिरवलं आणि मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चक्र १० वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा मध्यम अंदाज २५ होता, ६५ वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. काट मारलेली किंमत हेच काम करते. ती आपल्याला वस्तूचं मोल सांगत नाही, आपला अंदाज वर खेचून ठेवते. सेलच्या आधी किंमत वाढवायची आणि मग ‘कमी’ करायची, हा प्रकार इतका चालतो की युरोपीय संघाला त्यासाठी नियम करावा लागला. २८ मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना, सूट लागू होण्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवावी लागते. हा निकष घरबसल्या कुणालाही वापरता येतो. हवी असलेली वस्तू महिनाभर आधी पाहून ठेवा, तिची किंमत टिपून ठेवा आणि सेलच्या दिवशी त्या आकड्याशी ताडून पाहा.

सूट आपल्याला किती सुखावते, याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपनं आणि सततचे सेल बंद केले आणि रोजच कमी, स्पष्ट किंमत लावायचं ठरवलं. त्या वर्षी विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली, एप्रिल २०१३ मध्ये प्रमुखांना जावं लागलं आणि कूपनं परत आली. या अपयशाला इतरही कारणं होती, पण ग्राहकांना काट मारलेल्या किमतीची उणीव भासली, हे त्यांतलं महत्त्वाचं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच याची मांडणी केली होती: वस्तूच्या उपयोगातून मिळणारा आनंद वेगळा आणि ‘सौदा चांगला जमला’ याचा आनंद वेगळा. दुसरा आनंद पैसे भरताना होतो आणि तिथेच संपतो. वस्तू मात्र घरात जागा अडवून राहते.

टक्क्यांच्या भाषेबद्दलही एक सांगायला हवं. ‘५० टक्के आणि वर आणखी ४० टक्के’ म्हणजे ९० टक्के सूट नव्हे. ती ७० टक्के होते, कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे एका नगावर ३३ टक्के सूट, आणि तीही तीन नग खरोखर हवे असतील तरच. एकच हवा असताना आपण दुप्पट पैसे मोजलेले असतात.

‘लागणारच आहे, मग आजच घ्या.’ काही वस्तूंबाबत हे बरोबर आहे. कपडे धुण्याचं यंत्र शेवटच्या घटका मोजत असेल आणि तुम्ही दोन महिने नव्या यंत्राच्या किमती पाहत असाल, तर सेलमध्ये जरूर घ्या. तो शहाणपणाचा खर्च आहे. पण ‘लागणारच’ या शब्दात आपण काय काय कोंबतो, तेही पाहायला हवं. मुलाच्या वाढत्या मापाचे दोन वर्षं पुढचे बूट, जुना व्यवस्थित चालत असताना नवा फोन, पुढे कधीतरी व्यायाम सुरू करू म्हणून घेतलेली सायकल. पुढची गरज आज नेमकी ओळखता येत नाही, आणि फोन, टीव्ही, लॅपटॉप यांच्या किमती मॉडेल जुनं झालं की तशाही उतरतात. घाई आपली नसते, ती पडद्यावरच्या उलट्या मोजणीची असते. ‘फक्त २ शिल्लक’ पाहून पोटात खड्डा पडतो तो उगाच नाही. १९७५ च्या एका प्रयोगात तीच बिस्किटं जवळजवळ रिकाम्या बरणीतून दिली तेव्हा लोकांना ती जास्त हवीशी वाटली. भारताच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने नोव्हेंबर २०२३ मध्ये खरेदीच्या साइटवरच्या ज्या १३ फसव्या डिझाइन-पद्धतींना मनाई केली, त्यांत खोटी निकड दाखवणं आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं हे दोन्ही आहे.

‘हप्ते बिनव्याजी आहेत.’ फुकट कर्ज कुणी देत नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात असतं, वाढवलेल्या किमतीत असतं किंवा रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत असतं. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांत व्याजाचा भाग बऱ्याचदा असा झाकलेला असतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं. मला त्याहून मोठा धोका दुसरा वाटतो. पैसे हातातून जाताना दिसले नाहीत की आपण जास्त मोजतो. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका सामन्याच्या सहज न मिळणाऱ्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोख देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट बोली लावली. हप्त्यात तर पूर्ण किंमत डोळ्यांसमोर येतही नाही, आणि चार छोटे हप्ते एकत्र आले की पगाराचा मोठा भाग महिना सुरू होण्याआधीच संपलेला असतो. हप्त्यावर घ्यायचंच असेल तर एकूण रक्कम कागदावर लिहा आणि तेवढी रक्कम आज एकदम देऊन ही वस्तू घेतली असती का, ते स्वतःला विचारा. सेलच्या काळात साइटवर साठवलेलं कार्ड काढून टाका. आकडे दरवेळी हाताने भरावे लागले की मध्ये विचाराला जागा मिळते.

‘नाही आवडलं तर परत करा.’ परत करायची सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर घेतलेल्या वस्तू बऱ्याचदा परत जात नाहीत. काहनेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात, हातात आलेला साधा मग विकायला लोक, घेणारे जेवढे द्यायला तयार होते त्याच्या दुप्पट किंमत मागत होते. घरात आलेली वस्तू ‘आपली’ होते. आणि परत जाऊन किंवा न विकला जाऊन दुकानदाराकडे साठून राहिलेल्या मालाचं काय होतं? न विकलेल्या वस्तू नष्ट करण्याची प्रथा इतकी रूढ होती की फ्रान्सने २०२० मध्ये त्याविरुद्ध कायदा केला.

‘खर्च केला नाही तर नोकऱ्या जातील.’ मंदीत सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडला तर अर्थव्यवस्थेला झळ बसते, हे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण नको ती वस्तू न घेणारा माणूस पैसे जमिनीत पुरत नाही. ते शिंप्याकडे, दुरुस्ती करणाऱ्याकडे, मुलीच्या शिकवणीला, आईच्या उपचाराला जातात, आणि तिथेही माणसंच काम करतात. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये हेच समजावलं होतं: फुटलेल्या काचेमुळे काचवाल्याला मिळालेलं काम दिसतं, त्याच पैशातून चपला घेतल्या असत्या तर मोच्याला मिळालं असतं ते दिसत नाही. नोकऱ्यांची काळजी करायची तर २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून गेलेल्या अकराशेहून अधिक माणसांचीही करायला हवी. भिंतींना आदल्या दिवशी तडे दिसले होते, तरी कपडे शिवणाऱ्या कामगारांना आत बोलावलं गेलं. स्वस्त आणि झटपट मालाची मागणी हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण वेळेत ऑर्डर पुरी करण्याचा दबाव तिथूनच येत होता. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातल्या पाव हिश्शाहून कमी कचऱ्याच्या योग्य पुनर्वापराची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा हातांनी फोडणारे, जाळणारे गरीबच असतात.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तोच सगळ्यांत वजनदार आहे: सेलवर टीका ही सुखवस्तूंची चैन. ज्या घरात वर्षभर थांबूनच एखादी मोठी वस्तू येते, त्या घराला सेल हवाच, आणि त्या घरावर उधळपट्टीचा शिक्का मारण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण हा संदेश त्या घराच्या बाजूने बोलत नाही. त्या घराने फ्रिजसाठी पैसे साठवलेले असतात, आणि संदेश त्यांना सांगतो की फ्रिजबरोबर हेडफोनही घ्या, आज नाही घेतलं तर नुकसान. चूक पचवायला ज्यांच्याकडे शिल्लक नसते, त्यांनाच चुकलेला हप्ता आणि त्यावरचा दंड सर्वांत महाग पडतो. त्यांचं भलं हवं असेल तर ग्रुपवर दुसरं काहीतरी पाठवा: सेलच्या दोन आठवडे आधी घरातल्या सगळ्यांनी बसून हव्या असलेल्या वस्तू लिहाव्यात, प्रत्येकीपुढे जास्तीत जास्त किती देणार ते मांडावं, आणि सेल सुरू झाल्यावर यादीत नवी ओळ घालू नये. यादीतली वस्तू त्या किमतीत मिळाली नाही, तर पैसे पुढच्या सेलपर्यंत खात्यातच राहतात.