सी क्लास पाइपचा केज आणि चार पट्ट्यांचा हार्नेस : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचा राग पोचला. रोज घरची माणसं बसणाऱ्या गाडीत डोक्याजवळ केजचा पाइप नको, असं मी मागं लिहिलं होतं, त्यावर ही प्रतिक्रिया. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : साताऱ्यात बसून पुस्तकी भीती घालू नका. कुपवाडच्या फॅब्रिकेटरनं आमच्या सॉफ्ट टॉप (कापडी छताच्या) जिप्सीला दीड इंची सी क्लास (जाड भिंतीच्या) पाइपचा केज, म्हणजे गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून बसवायचा पाइपांचा सांगाडा, मारलाय; तो एफआयएच्या (मोटर शर्यतींचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) पाइपपेक्षा जाड आहे. त्यात चार पट्ट्यांचा हार्नेस (दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून) लावून चाळकेवाडीच्या पठारावर गाडी मनसोक्त फिरवली, काही झालं नाही. आणि रॅलीवाले हेच वापरतात, मग रस्त्यावर ते धोक्याचं कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकी सगळं त्यातच अडकलंय.

रॅलीवाला ‘हेच’ वापरत नाही. त्याच्याकडे केज, पाठ न झुकणारी बकेट सीट, मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांसकट हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट असा अख्खा संच असतो. त्यातलं एक काढलं की उरलेलं अंगावर उलटतं. केज नसताना नुसता हार्नेस लावला आणि गाडी पलटी झाली, तर काचेची फ्रेम खाली बसते आणि तुम्ही मात्र ताठ बांधलेले. वाकायला, आडवं व्हायला जागाच नाही. पट्टा न लावता नुसता केज काय करतो ते ट्रॅक्टरकडे बघून कळेल. पलटीपासून वाचवणारी फ्रेम आहे, पण चालक बांधलेला नाही. तो बाहेर पडतो आणि तीच फ्रेम त्याच्या अंगावर येते. तुमच्याकडे ऊस वाहणारे ट्रॅक्टर थोडे नाहीत, त्यामुळे हे मी साताऱ्यातून सांगायची गरज नसावी.

आता हेल्मेट. तुम्ही ते घालत नाही, कारण बाजारात जाताना कोण घालतं. पण केजचा पाइप तुमच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आहे. बाजूनं एखादी दुचाकी जरी धडकली तरी डोकं तिकडं झुकतं, पट्टा मानेला धरत नाही. तुमच्या फोटोत पाइपवर काळा फोम दिसतोय, एसीच्या पाइपवर चढवतात तसा. तो दोन बोटांत दाबून बघा. केजसाठीचं खरं पॅडिंग हाताला कडक लागतं, आणि तेही हेल्मेटवाल्या डोक्यासाठी बनवलेलं असतं. उघड्या कवटीला त्याच्याही भरवशावर सोडू नये. रोज घरची माणसं बसणाऱ्या गाडीत डोक्याजवळ पाइप नको, असं मी लिहिलं ते यासाठी.

पाइप जाड आहे हे मात्र शंभर टक्के खरं. सी क्लासचा दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिमी भरतो, जाडी ४ मिमी. एफआयए मुख्य कमानीला (सीटमागच्या मोठ्या कमानीला) ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० आणि २ मिमी, एवढंच मागते. पण ती मागते थंड ओढलेला, बिनजोडाचा पाइप. तुमचा आहे पाणी-वाफेच्या लायनीचा, आणि तो बहुतेक वेळा लांबीभर जोड असलेलाच मिळतो. शिवाय वजनाचा हिशोब करा. तुमचा पाइप मीटरला साधारण ४.४ किलो, एफआयएचा २.६. केजला १५ मीटर पाइप लागला धरा, म्हणजे २७ किलो जास्त, आणि त्यातलं बरंचसं खांद्याच्या वर. टनभराच्या जिप्सीत तिरक्या उतारावर हे जाणवतं. पलटीपासून वाचवायला लावलेला केज पलटी जवळ आणतो.

तरीही मला जाडीपेक्षा बेंडची काळजी जास्त. आपल्याकडं पाइपमध्ये वाळू भरून, तापवून वाकवायची पद्धत अजून चालू आहे. गेटला ठीक. केजचा पाइप थंडच वाकवायचा, आणि बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट. बेंडवर व्हर्नियर लावा : लहान व्यास मोठ्याच्या नव्वद टक्क्यांच्या खाली गेला असेल तर तो बेंड चपटा झाला, तिथंच मोडणार. आणि सांधे चकचकीत दिसावेत म्हणून वेल्डिंग घासून सपाट केलं असेल, तर रंगाखाली काय उरलंय देव जाणे.

वेल्डरबद्दल एक सुचवतो. सांगली-साताऱ्यात साखर कारखाने आहेत, म्हणजे बॉयलरच्या कामाची आयबीआर परीक्षा पास झालेले वेल्डर आहेत. गेट-ग्रिलवाल्यापेक्षा असा माणूस गाठा. पाइपच्या पूर्ण घेराला, आत मुरेपर्यंत सांधा कसा मारायचा हे त्याच्या हातात बसलेलं असतं. फक्त गळीत हंगाम संपल्यावर विचारू नका, तेव्हा कारखान्यात दुरुस्ती निघते आणि ही माणसं फोन उचलत नाहीत.

केजच्या पायांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी भानगड तिथंच आहे. पाय फ्लोअरच्या पत्र्यावर नुसते वेल्ड केले असतील, तर पलटीत पाइप वाकणार नाही, पत्रा फाडून खाली जाईल. जुन्या जिप्सीचा फ्लोअर मॅटखाली कसा गंजलेला असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. एफआयएचा नियम सांगतो : पत्र्यावर ३ मिमी जाडीची, निदान १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे (मजबुतीची श्रेणी) किमान तीन एम-८, म्हणजे ८ मिमीचे, बोल्ट. शिवाय जिप्सीची बॉडी चासीवर रबराच्या बुशवर बसते. काही पाय चासीला आणि काही बॉडीला, अशी खिचडी केली तर दोन्ही वेगवेगळे हलतात आणि सांधे तडकायला लागतात.

हार्नेसचे खांद्याचे पट्टे तुम्ही सीटमागं फ्लोअरला बांधलेत, फोटोत स्पष्ट दिसतंय. धडकेत असे पट्टे खांदे खाली खेचतात आणि भार मणक्यावर येतो. पट्टा आडव्याशी ४५ अंशांत खाली गेला तर पट्ट्यातल्या ताणाचा सुमारे ७० टक्के भाग खाली दाबतो. १० अंशांत गेला तर जेमतेम १७ टक्के. एफआयए ४५ च्या वर जाऊ देत नाही आणि १० च्या आत ठेवा म्हणते, ते याच हिशोबानं. पट्टे खांद्यामागच्या आडव्या पाइपला हवेत. आणि चार पट्ट्यांचं दुखणं असं, की वरचे दोन ताणले की बक्कल वर सरकतं, कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर चढतो आणि माणूस खालून घसरतो. मांड्यांमधला पट्टा बक्कल खाली धरून ठेवतो, म्हणून पाच किंवा सहा पट्टे.

‘काही झालं नाही’ हे मान्य. पवनचक्क्यांच्या रस्त्यावर, सपाट जांभ्यावर काही होतही नाही. केजची परीक्षा गाडी उलटते त्या दिवशी होते.

नव्या थारमध्ये कंपनीनंच केज दिलाय, असंही तुम्ही लिहिलंय. तो बॉडी, सीट, तीन टोकांचा पट्टा आणि एअरबॅग यांच्याबरोबर मिळून आखलेला आहे, आणि त्या गाडीनं २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार घेतले. त्यातला पट्टा काढून हार्नेस लावला तर ती जुळणी मोडते.

कायद्याचं थोडक्यात : आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा दावा करताना हाच मुद्दा समोर येतो.

तुमची जिप्सी माझ्याकडं असती तर कंपनीचे पट्टे पुन्हा बसवून रस्त्यावर तेच वापरले असते. मागच्या कमानीचा केज पायांपासून नव्यानं केला असता. सहा पट्ट्यांचा हार्नेस फक्त ट्रॅकवर, हेल्मेटसोबत. त्यावर एफआयएचं लेबल आणि न उलटलेली मुदत बघून. चिखलातून आल्यावर बक्कल धुऊन उघडतंय का ते बघायचं, आणि पट्टा कापायची सुरी बांधलेल्या हाताला पोचेल अशी ठेवायची. उलटं लटकलेलं असताना पट्टा सोडण्याआधी एक हात छताला टेकवायचा, नाहीतर मानेवर आदळाल.

गाडीखाली शिरून केजच्या चारही पायांचे फोटो काढा आणि इथंच टाका. मग पाइपच्या क्लासवर पुढं बोलू.