मीटअपला जाताना अडलेला प्रश्न सोबत न्या

परवा शनिवारी बाणेरला एका टेक मीटअपला गेले होते. पॅनेल संपलं आणि सगळा घोळका स्टेजच्या पायऱ्यांशी जमला. मोबाईल उंचावलेले, क्यूआर कोड पुढे केलेले, 'सर, एक सेल्फी', 'मॅडम, लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवलीय'. वीस-पंचवीस वर्षं कंपनी चालवलेली माणसं हाताच्या अंतरावर उभी होती आणि बहुतेकांनी त्यांच्याकडून फक्त फोटो नेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अशाच एका कार्यक्रमात मला जे मिळालं त्यावर माझी कंपनी तगली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नऊ जण होतो. एका कस्टमरकडे तीन बिलं थकलेली आणि एक तारीख आठवड्यावर आलेली. चहाच्या टेबलाशी एक ज्येष्ठ उद्योजिका उभ्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "मॅडम, तुमच्या यशाचं रहस्य काय?" त्या हसल्या, "मेहनत आणि चांगली टीम" म्हणाल्या. झालं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सांगलीच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, कस्टमरने पैसे अडकवले तेव्हा तुम्ही पगार कसे केलेत?"

त्यांनी कप खाली ठेवला. कार्यक्रमपत्रिका उलटी केली, पेन मागितलं आणि तीन रकाने आखले. येणं, देणं, आणि तिसऱ्यावर लिहिलं, 'फोन कोणाला'. मग वीस मिनिटं बोलत होत्या. आपण प्रोजेक्ट मॅनेजरला फोन करत राहतो, पण पैसे सोडणारा माणूस अकाउंट्समध्ये बसतो. बिलावर पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे कस्टमरने दिलेल्या लेखी ऑर्डरचा, नंबर नसेल तर ते बिल तिथे चढतच नाही. म्हणून मुदत संपायची वाट न बघता, बिल पाठवल्यावर चार दिवसांनी तिथे फोन करायचा आणि 'एंट्री झाली का' एवढंच विचारायचं. नवीन माणूस घ्यायच्या आधी त्याचा दोन महिन्यांचा पगार वेगळा काढून ठेवायचा.

सोमवारी मी फोन केला. तीनपैकी दोन बिलांवर पर्चेस ऑर्डरचा नंबर नव्हता. चूक आमचीच होती. त्या महिन्याचे पगार चार तारखेला झाले.

स्टेजवरचं भाषण शंभरदा सांगून गुळगुळीत झालेलं असतं. त्यात वाईट काळ दोन वाक्यांत उरकतो. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. पण एखाद्या विशिष्ट अडचणीबद्दल विचारलं की त्या माणसाला तो महिना, तो कस्टमर, तेव्हा केलेली आकडेमोड आठवते. मला हवं असतं ते तिथे असतं.

क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीच्या कैलाश काटकरांचंच घ्या. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात, आणि 2016 साली कंपनी शेअर बाजारात. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण शिकण्यासारखं मधल्या काळात आहे. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले आणि धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढायचा प्रोग्रॅम लिहिला. मला कधी कैलाश काटकर भेटले तर मी प्रेरणेबद्दल विचारणार नाही. दुरुस्तीसोबत दिलेल्या प्रोग्रॅमचे वेगळे पैसे घ्यायचे हे कधी ठरलं, आणि गिऱ्हाईक काय म्हणालं, हे विचारीन. पुण्याच्याच पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीचंही तसंच. आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये कंपनी सुरू केली, ती शेअर बाजारात आली 2010 मध्ये. मधल्या वीस वर्षांतलं एखादं साल उचला आणि त्याबद्दल विचारा.

कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबची पहिली बैठक 5 मार्च 1975 ला मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये झाली. पुढे ॲपलचे सहसंस्थापक झालेले स्टीव्ह वॉझनियॅक तिथे होते. तिथून घरी नेलेल्या मायक्रोप्रोसेसरच्या माहितीपत्रकाने त्यांचं डोकं चालू लागलं, आणि पुढे ॲपल वन या ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या सर्किटचा आराखडा त्यांनी त्याच क्लबमध्ये सगळ्यांना फुकट वाटला. माणसं तिथे आपलं अर्धवट काम घेऊन यायची. आपल्याकडे अर्धवट काम दाखवायचीच लाज वाटते.

आणि भाषेचं. खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेली हुशार पोरं इंग्रजी अडखळेल म्हणून माइक मागत नाहीत. अरे, पुण्यातले कितीतरी फाउंडर घरी मराठीच बोलतात. बिनधास्त मराठीत विचारा. आयोजकांनाही माझी कळकळीची विनंती आहे: पॅनेल अर्ध्या तासात आटपा, सत्कार-शाली कमी करा, आणि सहा-आठ जणांच्या टेबलांवर या लोकांना तासभर बसवा.

सल्ला घेतलात तर पुढे काय झालं तेही कळवा. मी त्या मॅडमना महिन्याने मेल केली होती, 'दोन बिलं सुटली.' अर्ध्या तासात उत्तर आलं, 'आणि तिसरं?' तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी आमचं बोलणं होतं.

पुढच्या महिन्याच्या मीटअपला आमच्या टीममधली एक मुलगी पहिल्यांदाच येतेय. तिचा प्रश्न डायरीत लिहून तयार आहे: 'रात्री दोन वाजता सर्व्हर पडला आणि चूक माझी असेल, तर कस्टमरला सकाळी पहिलं वाक्य काय सांगायचं?' उत्तर मिळालं की इथे लिहीन.