तक्रार क्रमांक नको, आमची सभा बोलवा

'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' महापालिकेच्या ॲपवरून हा संदेश परत आला आणि माझं डोकं सणकलं. कुणी केलं निराकरण? कधी केलं? चेंबरचं झाकण अजून तिरकंच आहे, मैलापाणी अजून रस्त्यावर वाहतंय, शाळेत जाणारी पोरं त्याच पाण्यातून उड्या मारत जातायत. तक्रार बंद करताना जोडलेला फोटो उघडला, तर तो आमच्या गल्लीचा नव्हताच. कुठल्यातरी दुसऱ्याच रस्त्यावरचं नवं झाकण होतं. म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून, ठरवून, खोटा फोटो चढवला. ही चूक नव्हे, ही फसवणूक आहे.

कनिष्ठ अभियंत्यांना फोन केला. "मॅडम, आम्ही पथ विभाग, चेंबर ड्रेनेजकडे येतं." ड्रेनेजवाले म्हणाले, "त्यांनी डांबराचे थर चढवून रस्ता उंच केला, म्हणून चेंबर खाली गेलं. त्यांनाच सांगा." क्षेत्रीय कार्यालयात गेले, तर "टेंडर निघालं की होईल." तिन्ही ठिकाणी लोक सभ्यपणे बोलले, कुणी आवाज चढवला नाही, आणि कुणी कामही केलं नाही. ज्या दिवशी रस्त्यावर डांबर पडलं, त्या दिवशी चेंबर वर उचलून घ्यायचं काम कुणाचं होतं, एवढा साधा प्रश्न. त्याचं उत्तर एकाही टेबलावर मिळालं नाही.

पण मला सगळ्यात जास्त संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या चेंबरबद्दल आमच्या गल्लीत मी एकटीने तक्रार केलेली नाही. समोरच्या इमारतीतल्या काकांनी केली, कोपऱ्यावरच्या क्लासच्या बाईंनी केली, ज्यांचा त्या खड्ड्यात पाय मुरगळला त्या आजींच्या सुनेने केली. प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळाला. प्रत्येकाची तक्रार वेगळी बंद झाली. शंभर माणसांचा एकच प्रश्न, पण पालिकेने त्याचे शंभर तुकडे केले आणि एकेक तुकडा गपचूप फायलीत टाकला. त्या अभियंत्यांना एकदाही, एका जागी, आम्हा सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं नाही. ॲप सोयीचं आहे म्हणतात. सोय त्यांची झाली आहे, आमची नाही.

आणि हे असंच असायला हवं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. उलट लिहिलंय ते वेगळंच. शहरांच्या स्थानिक कारभाराबद्दलची 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असं घटनेच्या कलम 243-एस मध्ये आहे. महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात या समितीवर प्रभागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. त्याच्याही खाली, थेट मतदारांपर्यंत पोचणारी क्षेत्रसभा आहे. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, त्या क्षेत्रातला प्रत्येक मतदार त्या सभेचा सदस्य, आणि नगरसेवकाने ती बोलवायची. आपल्या भागात कुठली कामं आधी व्हावीत, पाणी, दिवे, गटारं यांत कुठे काय अडलंय, हे तिथे मांडायचं. 2009 साली ही तरतूद कायद्यात आली.

कशासाठी आली तेही सांगते. 2005 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजना सुरू केली आणि तिच्या पैशासाठी राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करणं बंधनकारक केलं. कायदा झाला. योजनेचे पैसे आले, पूल झाले, बसगाड्या आल्या. सभा तेवढी आली नाही. आपल्या आसपास दहा जणांना विचारून बघा, क्षेत्रसभेला कधी गेला होतात का म्हणून. बहुतेकांनी हे नावच ऐकलेलं नसेल. मी आमच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारलं तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं, "अहो, क्षेत्रांच्या हद्दीच ठरलेल्या नाहीत." निवडणुकीसाठी प्रभागांच्या हद्दी ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात, त्यावर हरकती मागवल्या जातात, सुनावण्या होतात. लोकांना एकत्र बसवायच्या हद्दी मात्र इतक्या वर्षांत ठरत नाहीत.

माझं माहेर खेडेगावातलं. तिथे ग्रामसभा होते. वर्षातून किमान चार. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतात. तिथेही कागदी सभा होतात, घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या वहिनीने भर ग्रामसभेत उठून सरपंचांना विचारलं होतं, नळाला पाणी नाही तर टाकीच्या दुरुस्तीचं बिल कशाचं निघालं? सगळ्या गावासमोर विचारलं. ग्रामसेवकाला दप्तर उघडावं लागलं. मी शहरात राहते, घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते, उशीर झाला तर दंडासकट भरते, आणि मला असा प्रश्न विचारायला जागा नाही. गावातल्या मतदाराला जो हक्क आहे तो शहरातल्या मतदाराला का मिळू नये, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं.

मधली वर्षं आठवली की अंगाची लाही होते. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथल्या महापालिकांची मुदत 2020 मध्येच संपली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक 2022 च्या मार्चमध्ये त्याच वाटेने गेली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं घटनेचं कलम 243-यू सांगतं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातले खटले अशी कारणं सांगत वर्षांमागून वर्षं गेली. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, त्यालाही मुदतवाढ घेतली गेली. तोवर सगळीकडे प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारी. प्रस्ताव ठेवणारेही तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारेही तेच, महासभा म्हणून शिक्का मारणारेही तेच. मुंबईचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं, आणि त्यावर बोलायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. लोकशाहीत हे घडू कसं दिलं? आणि शहरातली शिकलीसवरली माणसं इतकी वर्षं गप्प कशी बसली?

अखेर 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं. मी सकाळी सातला रांगेत होते. वाटलं, आता तरी विचारायला कुणीतरी असेल.

आहेत, चार आहेत. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे प्रभाग. हा प्रकार ज्याने शोधून काढला त्याने मतदाराचा विचार केलेलाच नाही. एका नगरसेवकाकडे गेलं की ते म्हणतात, "ताई, तो पट्टा त्यांच्याकडे आहे." त्यांच्याकडे गेलं की, "माझा निधी मी त्या बाजूला दिलाय." तिसरे वेगळ्या पक्षाचे, ते पहिल्या दोघांवर घसरतात. चौथ्या ताईंचा फोन त्यांचे यजमान उचलतात आणि निरोप देतो म्हणतात. निवडून ताई आल्या आहेत ना? मग मला ताईंशीच बोलायचं आहे. कायद्याने चौघेही माझे प्रतिनिधी आहेत, आणि चेंबरच्या बाबतीत एकही नाही.

पैसा नाही असं मात्र नाही. मार्चअखेर जवळ आली की आमच्याकडे धडधाकट पदपथाचे ब्लॉक उखडून नवे बसवतात. बाकडी येतात, त्यांच्यावर नाव रंगवलेलं असतं. चौकात स्वागत कमान उभी राहते. बाकडी कुणी मागितली होती? आम्हाला विचारलं असतं तर एका आवाजात सांगितलं असतं की आधी चेंबर वर उचला, मग शाळेसमोर गतिरोधक घाला, मग दवाखान्याच्या गल्लीतले दिवे लावा. बाकडी, कमानी राहू द्या. प्राधान्य ठरवायला आम्हाला कुठल्या सल्लागार कंपनीची गरज नाही. आम्ही तिथे राहतो.

यावर अधिकाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: लोकच येत नाहीत. हे ऐकलं की माझी सहनशक्ती संपते. लोक येत नाहीत, कारण तुम्ही मंगळवारी सकाळी अकराला बोलावता. लोक येत नाहीत, कारण जाहीर सूचना कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक टाइपात छापता आणि फलकावर जुन्या नोटिशीखाली लावता. लोक येत नाहीत, कारण आले तरी काही बदलत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. जिथे वेळेत कळतं आणि जिथे आपलं काही पणाला लागलेलं असतं तिथे लोक येतात. 2015 मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. वस्त्यावस्त्यांत लोक नकाशे पसरून बसले, चुका शोधून काढल्या, आणि सरकारला तो आराखडा नव्याने करायला सांगावं लागलं. ही माणसं आळशी होती का?

खड्ड्यांचं तर न्यायालयालाच बघावं लागलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर कुटुंबाला 6 लाख रुपये द्या, जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत द्या, आणि ते पैसे जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करा. निकाल चांगलाच आहे. पण विचार करा, माणूस मेल्यावर कुणाची जबाबदारी ते शोधायची तरतूद झाली. तो जिवंत असताना, झाकण तिरकं झालं त्याच आठवड्यात, ते का शोधता येत नाही? आमच्या त्या आजी थोडक्यात वाचल्या. पुढचा कुणी वाचेलच असं नाही, आणि तेव्हा ॲपवर आमच्या सगळ्यांच्या तक्रारी 'निराकरण झाले' म्हणून बंद केलेल्या सापडतील.

आम्ही मागतोय ते फार मोठं नाही. क्षेत्रसभा बोलवा, आणि ती संध्याकाळी किंवा रविवारी घ्या. पंधरा दिवस आधी प्रत्येक सोसायटीच्या आणि चाळीच्या फलकावर कागद लावा. वस्तीतल्या बायकांना वेगळं जाऊन सांगा, कारण त्या कागद वाचायला थांबत नाहीत आणि पाण्याचं सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक असतं. पथ, ड्रेनेज, पाणीपुरवठा, विद्युत या चारही खात्यांचे अभियंते एकाच वेळी समोर हवेत, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. मंजूर कामांची यादी, ठेकेदाराचं नाव, दोषदायित्वाची मुदत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपते, हे छापून हातात द्या. इतिवृत्त लिहा आणि ते लोकांना वाचायला द्या. पुढच्या सभेची सुरुवात मागच्या सभेतलं काय झालं आणि काय नाही झालं, यानेच करा.

क्षेत्रसभा बोलवा असं गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं पत्र आम्ही चारही नगरसेवकांच्या कार्यालयांत दिलंय आणि प्रत्येकाची पोच घेतली आहे. तक्रार म्हणून ॲपवर टाकलेलं नाही, मुद्दाम टाकलेलं नाही. एकांनी "बघतो" म्हटलं. बघायचं काय त्यात? तारीख द्या. पालिकेच्या शाळेचा हॉल रविवारी मोकळा असतो, मुख्याध्यापकांना आम्ही विचारून ठेवलं आहे.