ह्या झाडाची सावली खंय पडता?

मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चुलतभावाला आणायला सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर निघालो होतो. काकी हट्टाने सोबत. वाटेत एका तिठ्यावर चहाला थांबलो, तर काकी नव्याने लावलेल्या बॉटल पामभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "ह्या झाडाची सावली खंय पडता रे?"

सुशोभीकरणावर याहून नेमकं परीक्षण मी ऐकलेलं नाही.

9 ऑक्टोबर 2021 ला चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून मुंबई-गोवा महामार्ग सोडून परुळ्याकडे जाणारा रस्ता देखणा हवा, असं जो तो म्हणतो. मीही म्हणतो. पण हिरवळ, पाम, रंगीत पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा डॉल्फिन आणि बाजूला 'आय लव्ह'ची लाल अक्षरं? हे तर कुठल्याही बायपासला मिळतं.

चिपी म्हणजे सडा. जांभ्याचा कातळ, वर माती जेमतेम इंच-दोन इंच, कुठे तेवढीही नाही. इथे हिरवळ करायची तर माती डंपरने आणून ओतायची. मिरगाच्या पहिल्या सरींना ती रस्त्यावर उतरणार आणि दुचाकीवाले घसरणार. जी हिरवळ टिकेल ती मेमध्ये टँकरवर जगवायची, आणि त्याच दिवसांत वाड्यांमधल्या बायका हंडे घेऊन टँकरचीच वाट बघत असतात. उलट सड्याला हातही लावला नाही तरी श्रावण-भाद्रपदात तो फुलतो. गेंद, कवला, तेरडा, सीतेची आसवं. काही फुलं तर नखाएवढी, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत. मातीचा एक डंपर ओतला की संपलं सगळं.

भिंत हवीच असेल तर गडगा घाला. चिऱ्यावर चिरा, सिमेंट नाही. फटींतून पाणी वाट काढतं. काँक्रीटची भिंत तेच पाणी अडवते आणि रस्त्यावर सोडते.

दुभाजकातल्या कण्हेरीला माझी ना नाही. गुरं तोंड लावत नाहीत, कमी पाण्यात तगते, समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीपही अडते. आणि देशी झाडं म्हणून धावपट्टीजवळ वड-जांभूळ लावा, असंही मी म्हणणार नाही. फळांवर पाखरं आणि वटवाघळं येतात, ती विमानाला धडकली तर काय होतं ते सांगायला नको. (विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला नियमाने बंदी आहे तीही घारी-कावळ्यांमुळेच. वळणावळणावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या आधी उचला, निम्मं सुशोभीकरण तिथेच होईल.) पण महामार्गाच्या बाजूला, लांब, सुरंगी-बकुळ लावायला काय हरकत आहे? चौपदरीकरणात जुनी झाडं गेली, त्यांची सावली कोणीतरी परत द्यायला हवी. सुरंगी सावकाश वाढते, कोनशिलेच्या फोटोत ती दिसणार नाही, अडचण बहुधा तीच असावी.

आणि पिंगुळी! चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं कुडाळजवळचं गाव, 2021 ची पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या रूपाने या गावात आली. मग बसथांब्यांच्या भिंतींवर डॉल्फिन कशाला? तिथल्या ठाकर कलावंतांना रीतसर पैसे देऊन भिंती रंगवून घ्या. फुकटात 'संधी' देऊ नका.

असो. भाऊ आला. परतताना त्याच तिठ्यावर थांबलो, तर पामांकडे बघून खुशीत म्हणाला, "अरे वा, अगदी वाशीसारखं वाटतंय!"

काकी गाडीत जाऊन बसली.